इंग्लंडांतील लहान पॅरिशचा वार्षिक कारभार व त्याचा हिशेब

मराठी इतिहासाच्या त्रैमासिकांत इंग्लंडांतील खेड्यावर लेख यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या गांवकीची चर्चा जेव्हां जेव्हां निघते, तेव्हां इंग्लंडांतील खेडें तींत न बोलावतां येऊन बसलेलें असतेंच. सर चार्ल्स मेटकाफ यानें इ. स. १८३० च्या आपल्या टिपणांत हिंदुस्थानांतील गांवांस लहानशा प्रजासत्ताकांची उपमा दिली. सर हेनरी मेन हा १८६२ पासून १८६९ पर्यंत येथें सरकारचा कायदेपंडित होता. त्यानें स्वदेशीं परतल्यावर १८७१ सालीं पूर्वेकडील व पश्चिमेकडील ग्रामसंस्था एकत्र मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ त व डॉ. अ. स. आळतेकर यांचा पश्चिम हिंदुस्थानांतील ग्रामसंस्थांवरील इंग्रजी ग्रंथ १९२७ त निघाला. तेव्हांपासून आजवर, आमची गांवकी विलायतेच्या तोडीची होती असें एक पक्ष म्हणतो व ती तशी नव्हती असें दुसरा म्हणतो. ज्या मापानें हें मोजणें चालतें तें माप मात्र हातीं घेऊन पाहण्याचा खटाटोप दोन्ही पक्ष सहसा करीत नाहींत. प्रस्तुत लेखांत तेवढेंच करावयाचें योजिलें आहे. इंग्लंडांतील एखाद्या लहान गांवचे कारभारी एका वर्षांत काय काय करीत, आणि केलेलें कोणास सांगत, इतकाच प्रश्न येथें घेतला आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. 'पॅरिश' हा शब्द ग्रीक 'पारोइकिआ' यापासून निघाला. त्यांतील 'ओइकोस' हा घरवाचक शब्द आपल्या 'वेश' शब्दाचा सगोत्र होय. संस्कृतांत शेजाऱ्यास 'प्रतिवेशी' म्हणतात हें वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हां अर्थतः पॅरिश म्हणजे प्रतिवेश्यांचा समुदाय. हा विभाग मूळचा धर्मखात्याचा: एक चर्च, एक पाद्री, आणि त्या चर्चला उत्पन्नाचा दशांश देणारी वस्ती. पाद्र्याचीं वस्त्रें ठेवण्याची जी खोली तिला 'व्हेस्ट्री' म्हणत, आणि गांवची बैठक तेथें भरे म्हणून पुढें बैठकीसच तें नांव पडलें. आपल्याकडे 'चावडी' या शब्दानें इमारत व तींत बसणारे लोक या दोहोंचाही बोध होतो, तसेंच हें झालें.

अशा एका गांवचा जमाखर्च सुदैवानें जवळजवळ अखंड राहिला आहे. डेव्हन परगण्याच्या उत्तरेस, एक्समूरच्या माळाला लागून, मोरबाथ म्हणून एक खेडें आहे. सोळाव्या शतकांत तेथें अवघीं तेहतीस कुटुंबें होतीं. सर ख्रिस्टोफर ट्रिकी (येथें 'सर' हा पाद्र्यास लावीत तो आदरार्थी शब्द समजावा) हा १५२० सालीं तेथें आला व १५७४ सालीं तेथेंच वारला. आठवा हेनरी, सहावा एडवर्ड, मेरी व एलिझाबेथ अशा चार राजवटी या एकाच माणसानें एकाच देवळांत पाहिल्या. गांवचे हिशेब तोच लिही व वर्षाकाठीं गांवकऱ्यांस मोठ्यानें वाचून दाखवी. हे हिशेब बिनी यांनीं १९०४ सालीं एक्सिटर येथें छापून प्रसिद्ध केले, आणि ईमन डफी यांनीं २००१ सालीं त्यांच्या आधारें या गांवचा एक उत्कृष्ट इतिहास लिहिला. आपल्याकडील संशोधकांनीं तो ग्रंथ अवश्य वाचावा. ज्यास आपण 'किरकोळ कागद' म्हणून बाजूस सारतों त्यांतून काय निघूं शकतें याचा तो नमुना आहे.

मोरबाथच्या कारभाराची रचना पाहिली म्हणजे मराठी वाचकास ओळखीचें कांहीं पाहिल्यासारखें वाटतें. गांवांत एकच तिजोरी नसून अनेक लहान निधी होते. मेरी मातेचा एक, सेंट सिडवेलचा एक, तरुण मुलांचा एक, तरुण मुलींचा एक, असे ते होते व प्रत्येकाचे वॉर्डन निराळे होते. निधींचें भांडवल बव्हंशीं मेंढ्यांचें. देवाच्या नांवाची एखाद-दुसरी मेंढी गांवकऱ्यांच्या कळपांत चरे, तिची लोकर विकून येईल ती रक्कम निधींत जमा होई, व त्यांतून मूर्तीपुढील मेणबत्त्यांचा खर्च चाले. याखेरीज वर्षांतून ठरलेल्या वेळीं गांवजेवण होई, त्यास 'एल' म्हणत. गांवचे कारभारी बीर गाळून विकीत व नफा चर्चच्या खात्यांत भरीत. वॉर्डनचें काम बहुधा घरपाळीनें फिरे, मग त्या घरचा कर्ता पुरुष असो वा विधवा. १५४८ सालीं तर मुख्य वॉर्डनचें काम एका स्त्रीकडे होतें. या सर्वांवर 'पांच जण' म्हणून एक मंडळी असे. शिलकेचा पैसा तिच्या हातीं राही व अडचणीचा प्रसंग आला म्हणजे तीच निभावून नेई. या संख्येवरून आपल्या पंचांची आठवण होते, परंतु त्यावर कोणी सिद्धान्त उभारूं नये. पुढें हेच कधीं चार तर कधीं तीनही झालेले दिसतात.

बलुत्याचाही प्रकार तेथें आढळतो. चर्चच्या कारकुनास, म्हणजे घंटा वाजविणें, पाद्र्यास साथ करणें अशीं कामें करणाऱ्यास, दर घरामागें धान्याचा वांटा व तिमाहीस कांहीं रोकड मिळे. १५३० नंतरच्या दशकांत या हक्कावरून गांवांत मोठी तेढ पडली. कांहीं घरांनीं वांटा देण्याचें नाकारलें, कारकून मिळेना, आणि अखेर १५३६ त तडजोड होऊन कोणीं किती द्यावयाचें तें लेखी ठरलें. आपल्याकडील बलुत्यांच्या तंट्यांचे महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांना या प्रकरणांत परकें असें थोडेंच वाटेल.

या वह्यांत केवळ आंकडे नाहींत. १५३४ च्या नोव्हेंबरांत चोरानें चर्चमध्यें शिरून विधीचा चांदीचा प्याला नेला; तेव्हां गांवच्या तरुणतरुणींनीं आपसांत वर्गणी करून नवा प्याला घेतला व गांवावर खर्च पडूं दिला नाहीं, हें पाद्र्यानें कौतुकानें नोंदून ठेविलें आहे. मृतांच्या विधीसाठीं काळीं वस्त्रें हवींत म्हणून तो वीस वर्षांहून अधिक काळ थोडथोडा पैसा सांठवीत होता. तीं वस्त्रें एकदांचीं १५४७ त आलीं, आणि त्याच सालीं राज्य बदलून तसले विधीच मोडीत निघण्याच्या मार्गास लागले. तत्पूर्वीं १५३८ त थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानें मूर्तींपुढील दिवे बंद झाले होते. दिवे गेल्यावर निधींचें प्रयोजन संपलें, निधी गेल्यावर मेंढ्या विकल्या गेल्या, आणि मेंढ्यांबरोबर तरुणांना व मुलींना गांवच्या कारभारांत असलेली जागाही गेली. राजधानींतून निघालेला एक हुकूम खेड्यांतील अर्थव्यवस्थेची कडी कशी निखळवितो याचें इतकें स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनांत दुसरें नाहीं.

१५४९ सालीं नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन व कॉर्नवॉल येथील लोकांनीं बंड केलें व एक्सिटर शहरास वेढा घातला. मोरबाथच्या त्या सालच्या हिशेबांत पांच तरुणांस छावणीवर जाण्यासाठीं गांवच्या पैशांतून वाटखर्च व शस्त्रें दिल्याची नोंद आहे. ही छावणी कोणती याचा निर्णय डफी यांनीं मूळ अक्षरें पुन्हा तपासून केला: ती एक्सिटरबाहेरील सेंट डेव्हिड्स डाउन येथील, म्हणजे बंडवाल्यांची होय. ऑगस्टांत बंड मोडलें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, राजद्रोहाचा हा खर्चही वहींत नांवनिशीवार पडला. खर्च झाला तर तो लिहिला पाहिजे व सर्वांपुढें वाचला पाहिजे, ही संवय त्या गांवाच्या इतकी अंगवळणीं पडली होती कीं जिवावरच्या प्रसंगींही ती सुटली नाहीं.

त्याच शतकाच्या उत्तरार्धांत धर्मखात्याच्या या घडीवर सरकारनें ऐहिक कामें लादण्यास आरंभ केला. १५५५ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशनें ईस्टरच्या सप्तकांत रस्त्यांचे दोन देखरेखे निवडावे व गांवकऱ्यांनीं वर्षास चार दिवस रस्त्यावर राबावें असें ठरलें. १५६३ त चाराचे सहा झाले. १५६६ च्या कायद्यानें पिकांस व जनावरांस उपद्रव देणाऱ्या प्राण्यांच्या मुंडक्यांवर बक्षीस लागलें: कोल्ह्यास बारा पेन्स, साळिंदरासारख्या दिसणाऱ्या लहानशा काटेरी जाहक प्राण्यास दोन पेन्स, आणि कावळ्यांच्या तीन डोक्यांस एक पेनी. बिचारा जाहक रात्रीं गाईचें दूध पितो अशी तिकडे समजूत होती. तिच्यापायीं पुढें कित्येक पिढ्या गांवोगांवच्या वह्यांत त्याच्या मुंडक्यांचे दोन दोन पेन्स पडत राहिले.

या सर्वांत महत्त्वाचा १६०१ चा गरीबांचा कायदा. दरसाल ईस्टरच्या सप्तकांत किंवा त्यानंतर महिन्याच्या आंत मॅजिस्ट्रेटांनीं गांवांतील दोन, तीन किंवा चार भरभक्कम घरवाल्यांस 'ओव्हरसीअर' नेमावें. त्यांनीं चर्चच्या वॉर्डनांसह महिन्यांतून निदान एकदां रविवारीं दुपारच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्यें बसावें. जमिनीवर व घरांवर पट्टी बसवून निराधारांस पोसावें, धडधाकटांस काम द्यावें, पोरक्या मुलांस धंद्यास लावावें. आणि वर्ष संपल्यावर चार दिवसांच्या आंत दोन मॅजिस्ट्रेटांपुढें हिशेब ठेवावा. ईस्टर हा सण बहुधा आपल्या हनुमानजयंतीच्या सुमारास पडतो. त्या आठवड्यांत व्हेस्ट्रींत जुने कारभारी हिशेब देऊन उठत व नवे बसत. यांपैकीं कोणासही पगार नव्हता. काम चुकविण्याची मुभाही नव्हती, आणि पाळी आलेल्या शेतकऱ्यास हें वर्ष कधीं संपतें असें होई. १७४४ च्या कायद्यानें आणखी असें ठरविलें कीं, बसविलेली पट्टी पुढच्या रविवारीं चर्चमध्यें जाहीर करावी, आणि एक शिलिंग देईल त्या कोणाही रहिवाशास ती पाहूं द्यावी.

हें वाचून कोणी हुरळून जाऊं नये. ज्यांच्यासाठीं हा पैसा गोळा होई त्या गरीबांस व्हेस्ट्रींत तोंड नव्हतें. १६६२ च्या वसतीच्या कायद्यानें, पुढेमागें पट्टीवर भार होईल अशा परगांवच्या माणसास हांकून देण्याचा मार्ग खुला झाला. आसन्नप्रसवा स्त्रियांस मूल आपल्या हद्दींत जन्मूं नये म्हणून गांवाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडल्याच्याही नोंदी आहेत, आणि नेणावळीचा खर्च त्याच वह्यांत नीटपणें मांडलेला आहे. १६९७ पासून मदत घेणाऱ्यानें उजव्या खांद्यावर तांबड्या किंवा निळ्या कापडाचें अक्षर शिवून वागावें असा नियम होता, तो १८१० पर्यंत कायद्यांत राहिला. १८१८ च्या कायद्यानें तर व्हेस्ट्रींतील मतेंच मालमत्तेच्या प्रमाणांत वांटलीं: लहान खातेदारास एक, मोठ्यास सहापर्यंत. तेव्हां ज्यास आपण विलायती ग्रामस्वराज्य म्हणतों तें स्थूलमानानें भरभक्कम घरवाल्यांचें राज्य होतें. मेटकाफच्या उपमेंतील प्रजासत्ताक त्याच्या स्वतःच्या देशांतही असें शोधावेंच लागलें असतें. माझ्या मतें आमच्या गांवकीचे अभिमानी व टीकाकार या दोघांनींही ही गोष्ट लक्षांत ठेविल्यास पुष्कळसा वाद मिटेल.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १८३४ त गरीबांचें काम अनेक पॅरिशांच्या संघाकडे गेलें, १८३५ त रस्त्यावरील वेठ बंद झाली, १८६८ त चर्चपट्टीची सक्ती उठली. व्हेस्ट्री उरली ती पोकळ. १८९४ च्या कायद्यानें तिचा ऐहिक अधिकार काढून घेऊन तो लोकनियुक्त पॅरिश कौन्सिलास दिला. ज्या ग्रामीण पॅरिशमध्यें लोकवस्ती तीनशें किंवा अधिक, तेथें पांच ते पंधरा सभासदांचें कौन्सिल असावें. लहान गांवांत नुसती सर्व मतदारांची सभा असावी. स्त्रियांस, विवाहितांसही, मतदार व सभासद होतां येऊं लागलें. पहिल्या निवडणुका १८९४ च्या डिसेंबरांत, हात वर करून झाल्या. या कायद्यांत दोन बारीक कलमें मला फार बोलकीं वाटतात. गांवसभा संध्याकाळीं सहाच्या आधीं भरवूं नये, असें एक. कारण शेतमजूर दिवसा कामावर असतो व सभा दिवसा भरली म्हणजे ती जमीनदारांचीच होते. दुसरें असें कीं, अन्य सोयीची जागा असतां सभा दारूच्या गुत्त्यांत भरवूं नये. ज्या गांवांचें उत्पन्न एके काळीं बीर विकून उभें राही, त्यांच्यावर हें बंधन यावें हा काळाचा महिमा.

आज चालू असलेला कायदा १९७२ चा. इंग्लंडांत सुमारें दहा हजार पॅरिश व नगर कौन्सिलें आहेत, आणि त्यांतलें लहान कौन्सिल म्हणजे पांचसात सभासद व वेळ मोजून पगार घेणारा एक चिटणीस. त्याचें वर्ष असें जातें. शरद् ऋतूंत पुढील सालचें अंदाजपत्रक. हिवाळ्यांत त्यावरून आपणांस किती रक्कम हवी तें जिल्हा कौन्सिलास कळवावयाचें, यास 'प्रीसेप्ट' म्हणतात. पॅरिश स्वतः पट्टी वसूल करीत नाहीं. जिल्हा आपल्या पट्टींत ती मिळवून वसूल करतो व हिची हिला देतो. एकतीस मार्चला हिशेबाचें वर्ष संपतें. एक मार्च व एक जून यांच्या दरम्यान केव्हांतरी गांवच्या मतदारांची वार्षिक सभा, तीही अद्याप सहाच्या पुढेंच. मे महिन्यांत कौन्सिलाची वार्षिक बैठक, जींत अध्यक्षाची निवड हेंच पहिलें काम. याखेरीज वर्षांतून निदान तीन बैठकी. प्रत्येकीची सूचना पूर्ण तीन दिवस आधीं गांवांत लागली पाहिजे. जूनअखेर हिशेब कौन्सिलापुढें मंजूर होऊन सही झाली पाहिजे, आणि त्यानंतर कामाचे तीस दिवस, ज्यांत जुलैचे पहिले दहा कामाचे दिवस आलेच पाहिजेत, कोणाही हितसंबंधी माणसास वह्या व पावत्या पाहण्याचा हक्क असतो. वर्षाचें उत्पन्न व खर्च दोन्ही पंचवीस हजार पौंडांच्या आंत असल्यास बाहेरच्या तपासनिसाकडून सूट मिळूं शकते. पण हिशेब उघडा ठेवण्यांतून सूट नाहीं. १७४४ चा एक शिलिंग सुटला, रिवाज राहिला.

कामें पाहूं गेल्यास फार किरकोळ: स्मशानभूमि, पायवाटा, मुलांचें खेळण्याचें मैदान, बसची शेड, भाजीपाल्यासाठीं भाड्यानें द्यावयाचे जमिनीचे तुकडे, युद्धांत पडलेल्यांचें स्मारक, आणि गांवांत कोणी इमारत बांधण्याचा अर्ज केला तर त्यावर मत देणें. निर्णय दुसऱ्याचा, मत यांचें. कित्येक ठिकाणीं जागांइतकेही उमेदवार उभे राहत नाहींत व रिकाम्या जागा निवडणुकीवांचून भरून घ्याव्या लागतात. या संस्थेचें तेज गेलें असें म्हणणारे इंग्रज लेखक आहेत, आणि अधिकारापुरतें तें खरेंच आहे.

पण हिशेबाचें काय? हा प्रश्न आपल्याकडे अपरिचित नव्हता. कौटिल्यानें आषाढी पौर्णिमेस सर्व खात्यांचे हिशेब मुद्रांकित करून आणावयास सांगितलें आहे. अर्थात् तो राजाचा हिशेब. गांवाच्या हिशेबासाठीं तामिळ देशांतील उत्तरमेरूर येथील शिलालेख पाहावे. चोळराजा पहिला परांतक याच्या वेळचे, इ. स. ९२० च्या सुमाराचे हे लेख आहेत. तेथील ब्राह्मणसभा वार्षिक समिति, उद्यान समिति, तलाव समिति अशा समित्या घड्यांतून चिठ्ठ्या काढून दरसाल नेमी. आणि पूर्वीं समितींत असून ज्यानें हिशेब दिला नाहीं त्याची व त्याच्या आप्तांची नांवें घड्यांत घालूं नयेत असा नियम होता. मोरबाथच्या सहाशें वर्षें आधींचा हा नियम आहे. महाराष्ट्रांतही १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढें वार्षिक हिशेब ठेवावयाचा असतो. मी ज्या ज्या गांवीं शिक्षक होतों तेथील ग्रामसभांस पुष्कळदां हजर राहिलों आहें. हिशेब वाचला जातो. ऐकणारे मोजके असतात.

फरक दुसऱ्याच ठिकाणीं आहे. १५३८ च्या ज्या हुकुमानें मोरबाथचे दिवे विझले, त्याच हुकुमानें प्रत्येक पॅरिशनें बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची नोंदवही ठेवावी व तिच्यासाठीं दोन कुलुपांची पेटी करावी, एक किल्ली पाद्र्याकडे व एक वॉर्डनांकडे असावी, असें फर्माविलें होतें. पुढें १६०३ च्या धर्मनियमांत कुलुपें तीन झालीं. एकट्यास पेटी उघडतां येऊं नये हा हेतु. १८९४ च्या कायद्यांतही चर्चसंबंधीचीं पुस्तकें वगळून बाकीचीं गांवचीं कागदपत्रें कोठें ठेवावयाचीं तें पॅरिश कौन्सिलानें सांगावें असें कलम घालण्यास ते विसरले नाहींत. आपल्याकडे गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं असे. तें वतनाबरोबर बापाकडून मुलाकडे जाई, आणि वतन आहे तोंवर तें जपण्यांत घराचा स्वार्थही असे. १ मे १९५१ पासून कुलकर्णी-वतनें खालसा झालीं. चालू सरकारी कागद तलाठ्याकडे गेले. जुने रुमाल ज्याच्या त्याच्या माळ्यावर राहिले. त्या पेटीला दुसरें कुलूप कधींच नव्हतें.

दोष दुसऱ्याचा सांगत नाहीं. आमच्याच घराच्या माळ्यावर असे रुमाल होते. आजोबा होते तोंवर दसऱ्यास त्यांची पूजा होई. त्यांच्या पश्चात् दोन पावसाळे कौलें गळलीं, वाळवी लागली, आणि मी शिकावयास परगांवीं असतां घर झाडतांना सगळें उकिरड्यावर गेलें. त्यांत काय होतें हें सांगणारें आज कोणी नाहीं. मोडी वाचावयास मी निवृत्त झाल्यावर शिकलों.

गेल्या उन्हाळ्यांत जुन्या पोथ्यांच्या कापडी बासनांत, पोथ्यांना आधार म्हणून घातलेले सतरा कागद सांपडले. बहुतेक फाटके आहेत. एका फर्दीवर गांवखर्चाच्या रकमा लागतात: देवाचा नंदादीप, चावडीचें तेल, आल्यागेल्या गोसाव्या-फकिरांस शिधा. सालाचा भाग तुटला आहे, खालीं निशाणीदाखल एक नांगर काढलेला आहे. हे सतराही कागद मीं मंडळाच्या दप्तरांत दाखल केले असून, ज्यांस पाहावयाचे असतील त्यांस ते तेथें पाहतां येतील.